बागेत शिरलेली शिकारीची कुत्री आणि गोठ्यात बांधलेला तांबडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गात सव्वादोन एकर काजूची बाग, तिन्ही बाजूंनी चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि चौथ्या बाजूला रान. रविवारी सकाळी पाच कुत्री आत आली, मागून हाकाऱ्याचे आवाज येत होते. दोन कोंबड्या गेल्या, एक गाभण शेळी मागच्या बाजूने फाडली गेली आणि दुपारी मेली. चार कुत्री पळाली. पाचवा, तांबडा, प्रश्नकर्त्याने पकडून गोठ्यात बांधला. संध्याकाळी तिघे जण आले, एकाच्या खांद्यावर बंदूक. "कुत्रो आमचो आसा, सोड. कुत्र्यामागसून खंयय जावचो शिकाऱ्याचो हक्क आसता," म्हणजे कुत्र्यामागून कुठेही जायचा शिकाऱ्याला हक्क असतो, असं म्हणाले. प्रश्नकर्त्याने कुत्रा दिला नाही. आता प्रश्नकर्त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: असा हक्क असतो का, शेळीचे पैसे कोण देणार, आणि पुढच्या रविवारी कुत्री आली तर स्वतःच्या ठासणीच्या बंदुकीने गोळी घातली तर चालेल का. बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्याची आहे.

मी या जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत सव्वीस वर्षं वकिली करतो. डुकराच्या शिकारीतली भांडणं दर पावसाळ्यानंतर माझ्या टेबलावर येतात, कधी बागवाल्याकडून, कधी कुत्रेवाल्याकडून. दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे, म्हणून दोन्हीकडच्या चुका माहीत आहेत.

आधी त्या तांबड्याला पाणी द्या, भाताचा गोळा घाला आणि सावलीत बांधा. हे भूतदया म्हणून सांगत नाही, म्हणजे तेवढ्यासाठीच सांगत नाही. तो कुत्रा तुमच्या ताब्यात मेला तर सोमवारी तक्रारदार ते होतील आणि आरोपी तुम्ही. आणि तो जिवंत, धडधाकट राहिला तर तुमच्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. का, ते शेवटी सांगतो.

आता हक्काचं. महाराष्ट्रात, किंबहुना भारतात कुठेही, शिकारीच्या कुत्र्यामागे दुसऱ्याच्या जमिनीत जायचा हक्क कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. ही समजूत कुठून आली असावी याचा मला अंदाज आहे. मागे असाच एक पोरगा माझ्याकडे मोबाइल घेऊन आला होता. व्हिडिओत एक अमेरिकन गृहस्थ ठासून सांगत होते की कुत्रा आणायला कुंपणापलीकडे जाणं कायदेशीर आहे. ते खरं आहे, पण व्हर्जिनिया राज्यात. तिथल्या कायद्याप्रमाणे शिकार दुसऱ्या जमिनीवर सुरू झाली आणि कुत्रा वास काढत तुमच्या जमिनीत आला, तर मालक तो आणायला येऊ शकतो. पण बंदूक अंगावर घेऊन नाही, आणि जमीनवाल्याने नाव विचारलं तर ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो गुन्हा. म्हणजे ज्या हक्काच्या जोरावर तुमच्याकडे तिघे आले, तो हक्क जिथे खरोखर आहे तिथेही त्यांना बंदूक गडग्याबाहेर ठेवून यावं लागलं असतं. व्हर्जिनियात शिकार कायदेशीर आहे म्हणून हा प्रश्न तिथे पडतो. आपल्याकडे तो पडतच नाही, कारण मुळात त्या रविवारी सकाळी रानात जे चाललं होतं तोच गुन्हा होता.

इथेच बहुतेक बागवाले चुकतात. ते "माझ्या बागेत शिरले" यावर अडून बसतात. अतिक्रमणाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातात, तिथे "कुत्र्यावर काय गुन्हा दाखल करू?" असं विचारून त्यांची बोळवण होते, आणि घरी येऊन ते बंदूक पुसत बसतात. तुमचं भांडण कुत्र्याशी नाही आणि गडग्याशीही नाही. तुमच्या हातात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे, आणि त्याच्यापुढे बाकी सगळी कलमं लिंबूटिंबू आहेत.

त्या कायद्याचं कलम ९ अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी घालतं. जमीन सरकारी की खाजगी हा प्रश्न त्यात येत नाही. स्वतःच्या परसातली शिकारही शिकारच. रानडुक्कर आज अनुसूची दोनमध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड पंचवीस हजारांपर्यंत होता. अनुसूची एकमधलं जनावर असेल तर कैद किमान तीन वर्षं, कमाल सात.

"पण आमका डुक्कर गावलोच नाय," हा पुढचा बचाव असतो. तो चालत नाही. कलम २ मध्ये शिकारीची व्याख्या आहे आणि ती मोठी बारकाईने लिहिली आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, आमिष लावणं हे त्यात आहेच, पण प्राण्याला हाकणंही आहे, कुत्र्यांकरवी पाठलाग करणंही आहे, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचा नुसता प्रयत्नही आहे. व्याख्येतला मूळ इंग्रजी शब्द 'कोर्सिंग' आहे. हा शब्द विलायतेत ग्रेहाउंड कुत्र्यांनी नजरेच्या टप्प्यात ससा पळवत नेण्याच्या खेळासाठी वापरतात. घाटावर कारवानी आणि पश्मी कुत्री माळावर सशामागे सोडतात, तो हाच प्रकार. आपल्याकडे कोकणात कुत्री नजरेने नाही, वासावर चालतात, करवंदीच्या जाळीतून डुक्कर उठवतात आणि माणसं पुढे दबा धरून बसतात. कायद्याच्या भाषेत तो हाकारा झाला. दोन्हींपैकी काहीही झालं तरी व्याख्येत बसतं, जनावर पडो न पडो.

म्हातारी माणसं सांगतात की आमच्या वडलांकडे शिकारीचा परवाना होता. असेल. १९९१ च्या दुरुस्तीपर्यंत काही जनावरांसाठी परवाने मिळत असत. त्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. बंदुकीचा परवाना आणि शिकारीचा परवाना या दोन गोष्टी आहेत, हे अजून गावोगाव समजावून सांगावं लागतं. तुमचा ठासणीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच ठासणीच्या बंदुकीला पीकसंरक्षणासाठी वेगळी जागा दिलेली आहे. त्या परवान्याने डुक्कर मारायची परवानगी मिळत नाही. कुत्रा मारायची तर नाहीच नाही.

आता अतिक्रमण. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, म्हणजे जुन्या दंडसंहितेतलं ४४१ आणि ४४७. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या ओसरीवर अजून सगळे जुनेच आकडे बोलतात, तेव्हा दोन्ही पाठ ठेवा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकलं म्हणजे हा गुन्हा होत नाही. मागे उद्देश लागतो: काही अपराध करण्याचा, धाकदपटशाचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा. एखाद्याचा पाळीव कुत्रा चुकून तुमच्या बागेत आला आणि तो हाका मारत, हात रिकामे ठेवून त्याला न्यायला आला, तर फौजदारी अतिक्रमण होत नाही. शिकाऱ्याचं तसं नाही. तो गडगा ओलांडतो तेव्हा शिकारीसाठी ओलांडतो, आणि शिकार हा अपराध आहे. उद्देश तिथेच सिद्ध होतो. वन्यजीव कायदा हाताशी नसेल तर ३२९ लंगडं आहे, तो असेल तर दोन्ही पायांवर उभं राहतं.

संध्याकाळची भेट वेगळी नोंदवा. बंदूक खांद्यावर घेऊन तिघे अंगणात आले, ही त्या दिवसातली दुसरी घटना आहे. काय शब्द बोलले, बंदूक खांद्यावर होती की हातात, तुम्ही "बाहेर जा" म्हटल्यावर किती वेळ थांबले, शेजारच्या कोणी ऐकलं का, हे सगळं आजच्या आज कागदावर उतरवा. पंधरा दिवसांनी यातलं निम्मं विसरायला होतं आणि उरलेलं निम्मं वाढवून सांगितलं जातं.

एक कोकणी अडचण मात्र मुद्दाम विचारतो: तुमचा सातबारा सामायिक आहे का? हसू नका. दहा-बारा वर्षांपूर्वी एक प्रकरण माझ्याकडे होतं. फिर्याद तयार, साक्षीदार तयार, आणि तपासात कळलं की बंदूकवाला फिर्यादीचा चुलत चुलता, मुंबईहून गणपतीला आलेला, आणि सातबाऱ्यावर त्याचंही नाव. सहहिस्सेदार स्वतःच्या सामायिक जमिनीत आला तर त्याला अतिक्रमण कसं म्हणायचं? दुसऱ्याच्या ताब्यातली जमीन हा त्या कलमाचा गाभा आहे. वाटप होऊन बाग एकट्याच्या ताब्यात आली आहे हे दाखवायला आम्हाला कलमी रोपांच्या पावत्या, काजूच्या विक्रीच्या पट्ट्या, गड्यांच्या मजुरीच्या वह्या असं सगळं गोळा करावं लागलं. वन्यजीव कायद्याला मात्र भाऊबंदकीशी देणंघेणं नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसालाही आपल्या जमिनीत डुक्कर मारता येत नाही. तसंच बागेतून जुनी पाणंद जात असेल तर तेही आधी सांगा. पाणंदीवरून जाणाऱ्या माणसाला आणि कुत्र्याला अतिक्रमण लागू करायला गेलात तर उलटतपासणीत तोंडघशी पडाल.

काही जण विचारतात, गुरं कोंडवाड्यात घालतो तशी कुत्री घालता येत नाहीत का? नाही. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा उघडून पाहा. त्यातल्या 'गुरां'च्या व्याख्येत हत्ती आहे, उंट आहे, म्हशी, घोडे, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या आहेत. कुत्रा नाही. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्या साहेबाला कोकणात हत्ती शेतात शिरेल याची काळजी वाटली. आता दोडामार्गात हत्ती आलेच आहेत, तेव्हा साहेबाला नावं ठेवत नाही.

गोळी घालण्याचा विषय. संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे कुठल्याही जनावराला मारणं, विष घालणं, लुळंपांगळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या संहितेत यात किमतीची पायरी होती, दहा रुपये किमतीचं जनावर एका कलमात, पन्नास रुपयांचं दुसऱ्यात. कुत्र्याची किंमत दहा रुपये होती का यावर मी स्वतः उलटतपासणी घेतली आहे. नव्या कलमात किमतीची अट गेली. आता कुत्रा गावठी असो की मुधोळ, कलम तेच. शिवाय पीकसंरक्षणाची बंदूक दुसऱ्याच कामाला वापरली म्हणून परवान्यावर गदा येते ती वेगळीच.

"पण तो माझी शेळी फाडत असेल तर?" हा प्रश्न योग्य आहे. कायद्यात त्याला उत्तर आहे, पण अरुंद आहे. संहितेचं कलम १९ म्हणतं की वाईट हेतू नसताना, मोठं नुकसान टाळण्यासाठी नाइलाजाने, प्रामाणिकपणे केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. कुत्र्याचे दात शेळीत रुतले आहेत, तुम्ही ओरडलात, काठी मारलीत, तो सोडत नाही, त्या क्षणी तुम्ही जे केलंत त्याला हे कलम आधार देऊ शकतं. पण नाइलाज होता हे दाखवायची जबाबदारी तुमची. शेळी मरून पडली आहे, कुत्रा गडग्यावरून उडी मारून पळतो आहे आणि तुम्ही पाठीत छर्रे घातलेत, तर तो नाइलाज नाही, तो सूड आहे. जनावरांच्या डॉक्टरांच्या शवविच्छेदनात छर्रे कुठून घुसले ते लिहिलेलं असतं. माणसावर कुत्रा धावून आला तर स्वसंरक्षण आहेच, त्याबद्दल वाद नाही. तुमच्यासाठी व्यवहारातला सल्ला एकच: बंदूक कपाटात, हातात लांब बांबू.

विष, बागेच्या कडेने सोडलेला करंट, कणकेच्या गोळ्यातले गावठी बॉम्ब, तारेचे फास, यातलं काही मनात असेल तर आत्ताच काढून टाका. यातलं प्रत्येक वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत स्वतःच शिकार ठरतं, कारण फासाला आणि विषाला कुत्रा कोण, डुक्कर कोण आणि बिबट्या कोण हे कळत नाही. करंटने माणूस मेला तर विषय सदोष मनुष्यवधापर्यंत जातो. पहाटे काजू वेचायला आलेल्या बाईचा पाय अशा तारेवर पडल्याचा एक खटला मी आरोपीच्या बाजूने चालवला. त्या खटल्यात मी काय बचाव केला ते लिहायची इच्छा नाही. सौर कुंपणाचं झटका यंत्र ही वेगळी गोष्ट आहे, ते चालतं, कारण त्याने जनावर दचकतं, मरत नाही.

शेळीचे पैसे. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. बिबट्याने शेळी मारली तर वन विभागाकडून भरपाई मिळते, कुत्र्याने मारली तर नाही. म्हणून लगेच कोणीतरी कानात सांगतं की बिबट्या म्हणून सांगा. सांगू नका. बिबट्या सहसा गळा धरतो. कुत्री मागून, मांडीला आणि पोटाला धरतात, अनेक ठिकाणी चावतात, ओढाताण करतात. वनरक्षकाला ते पाच मिनिटांत कळतं, आणि मग तुमची शिकारीची खरी तक्रारही खोटी वाटू लागते. त्याऐवजी पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून शवविच्छेदन करून घ्या. अहवालात शेळीचं वय, गाभण होती ही नोंद, अंदाजे किंमत आणि मृत्यूचं कारण 'कुत्र्यांचा चावा' असं यायला हवं. शेळी पुरली असेल तर उकरायची वेळ येण्याआधी निदान फोटो जपून ठेवा; पुरण्याआधी काढले असतील अशी आशा आहे.

हे पैसे कुत्र्याच्या मालकाकडून मागायचे. निष्काळजीपणाने जनावर मोकळं ठेवलं म्हणून संहितेचं कलम २९१ आहे, जुनं २८९. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण ते कलम माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका होईल अशा निष्काळजीपणाचं आहे. घरातलं कोणी अंगणात होतं का, कुत्री कोणाच्या अंगावर गेली का, हे म्हणून महत्त्वाचं. नुसत्या शेळीसाठी दिवाणी दावा. अतिक्रमणाच्या भरपाईला मुदत तीन वर्षं. आता यात कुत्र्याच्या मालकाचे वकील हमखास म्हणतात की कुत्रा आपल्या मर्जीने गेला, मालकाचा काय दोष? यावर इंग्लंडमधला १९८० च्या दशकातला एक निकाल मला फार आवडतो. एक्समूरच्या माळरानावर शिकारविरोधी संघटनेने हरणांना आसरा म्हणून जमिनीचे तुकडे विकत घेतले होते. डेव्हन आणि सॉमरसेटच्या शिकारी मंडळाची कुत्री त्यात वारंवार शिरत. न्यायालयाने म्हटलं की कुत्र्यांनी आत जावं असा शिकारप्रमुखाचा उद्देश असेल, किंवा त्याच्या निष्काळजीपणामुळे ती आत गेली असतील, तर तो अतिक्रमणाला जबाबदार आहे. आणि जिथे कुत्री आवरणं शक्यच नाही अशा जागी पुन्हा पुन्हा शिकार करत राहिलात, तर त्यावरूनच उद्देशाचा निष्कर्ष काढता येतो. तिथे शिकार तेव्हा कायदेशीर होती, तरीसुद्धा. इंग्लंडचे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण दिवाणी नुकसानभरपाईच्या विषयात न्यायाधीश ते ऐकून घेतात. कुत्री दर रविवारी येत असतील तर प्रत्येक रविवारची तारीख लिहून ठेवा. एकदाची घटना अपघात म्हणून खपते, सहा रविवार खपत नाहीत, आणि मनाईहुकूम मागायला तीच वही लागते.

खरं सांगायचं तर दाव्याचा खर्च शेळीपेक्षा जास्त होईल. माझा अनुभव असा की वन विभागात तक्रार गेली की शेळीचे पैसे आपोआप चालत येतात, पोलीस पाटलाच्या ओटीवर. घ्या, लेखी घ्या, पण 'तक्रार मागे घेतो' असं त्यात लिहू नका. शिकारीचा गुन्हा सरकारविरुद्ध आहे. शेळीचे पैसे घेऊन तो मिटवणं तुमच्या हातात नाहीच.

आता तुमच्या स्वतःच्या सावधगिरीचं. प्रश्नात तुम्ही एक ओळ सहज लिहिली आहे: "दोन वर्षांपूर्वी डुकरांनी नाचणी उद्ध्वस्त केली तेव्हा मीच ह्यांना बोलावलं होतं." ही ओळ पुन्हा कुठे लिहू नका असं सांगणार नाही, पण तिचा अर्थ समजून घ्या. गुन्ह्याला प्रोत्साहन देणाराही त्या कायद्यात गुन्हेगारच. शिकारीनंतर घरी मटणाचा वाटा आला होता का? आला असेल तर ते मांस जवळ बाळगणंही गुन्हा होता. मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता असतं, आणि ते ज्याच्या ताब्यात येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. हे तुमच्या बागेत उद्या जखमी होऊन मेलेलं डुक्कर सापडलं तरी लागू आहे. पुरायचं नाही, वाटायचं नाही, हलवायचं नाही. फोन करायचा. तुमच्या विरोधकांच्या वकिलाच्या जागी मी असतो तर पहिला प्रश्न त्या नाचणीचाच विचारला असता, तेव्हा उत्तर खरं आणि एकच ठेवा.

डुकरांचा त्रास खोटा नाही, हेही मला माहीत आहे. त्यासाठी कलम ११ आहे. पिकाला धोका झालेल्या अनुसूची दोनमधल्या प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा, नुकसानीचा पंचनामा जोडायचा. त्या परवानगीत क्षेत्र ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या बागेत शिरायची मुभा त्यात नसते. ते तिघे परवानगी होती असं म्हणाले तर कागद दाखवा म्हणा.

तक्रार कुठे करायची? पोलिसांआधी वन विभाग. टोल फ्री १९२६ वर फोन करा, त्याची वेळ लिहून ठेवा, आणि मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज देऊन पोचपावती घ्या. अर्जात कायद्याचे धडे लिहू नका, पाहिलेलं लिहा. किती कुत्री, कुठल्या बाजूने, हाकारे किती वाजता ऐकले, बार ऐकला का, किती. गाडी दिसली असेल तर नंबर. बंदूक ठासणीची होती की काडतुसाची, ओळखत असाल तर. पायाचे ठसे, रक्त, रिकामी काडतुसं दिसली तर हात न लावता शेजारी आगपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. शिकारीत वापरलेली हत्यारं आणि वाहनं जप्त करायचा अधिकार वन अधिकाऱ्यांना आहे, आणि शिकाऱ्यांना शिक्षेपेक्षा गाडी जाण्याची धास्ती जास्त असते हे मी पाहिलं आहे. अंगणातल्या धाकदपटशाची तक्रार पोलिसांत, वेगळी. नुसती अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं तर अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा.

आणि आता तांबडा. कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे. सापडलेला कुत्रा सांभाळून मालकाला परत करण्यात गुन्हा नाही. तो आपलाच म्हणून ठेवून घेतलात, विकलात, किंवा "शेळीचे पैसे द्या तरच सोडतो" म्हणालात, तर मात्र अपहाराची नाहीतर खंडणीची भाषा सुरू होते. तेव्हा ठेवून घ्यायचा नाही. पण तुम्ही रविवारी संध्याकाळी तो दिला नाहीत, हे बरं केलंत. अशा खटल्यांत सगळ्यात अवघड काम असतं कुत्रा कोणाचा हे सिद्ध करणं. एरवी कोर्टात कुत्र्याला कोणी ओळख देत नाही. एका खटल्यात मात्र साक्षीच्या पिंजऱ्यातून एक भाबडा माणूस मला म्हणाला होता, "वकीलानू, कुत्रो माझोच, पण मी शिकारीक जावक नाय." त्या एका वाक्यावर निम्मी केस उभी राहिली. तुमच्याकडे ते तिघे स्वतःहून आले आणि कुत्रा आमचा म्हणाले. आता ते कागदावर घ्यायचं.

आज कुत्र्याचे चारी बाजूंनी फोटो काढा, गळ्यातल्या पट्ट्याचा जवळून, कानावर किंवा पायावर जुन्या जखमा असतील तर त्यांचे. डुकराच्या सुळ्याच्या खुणा शिकारीच्या कुत्र्याच्या अंगावर बहुधा असतातच. तोंडाला शेळीचे केस किंवा रक्त लागलेलं असेल तर धुऊ नका, वनरक्षकाला दाखवा. मग पोलीस पाटलांना निरोप द्या आणि त्यांच्यासमोर, शक्य तर वनरक्षकासमोर, कुत्रा द्या. पावतीत एवढंच लिहा: "तांबड्या रंगाचा, गळ्यात अमुक पट्टा असलेला, माझ्या मालकीचा कुत्रा, जो रविवार दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक यांच्या बागेत सापडला, तो आज सुस्थितीत परत मिळाला." खाली नाव, पत्ता, सही, दोन साक्षीदार. शेळीचा उल्लेख नको, शिकारीचा नको, नाहीतर सही होणार नाही.

सही करायला ते तयार झाले नाहीत, किंवा तांबडा आता अचानक कोणाचाच नाही असं ठरलं, तर पोलीस पाटलांच्या वहीत तशी नोंद करून घ्या, वनपरिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत तांबड्याला दोन वेळ खाऊ घाला. घरात लहान मुलं असतील तर त्यांना त्याच्यापासून लांब ठेवा. पकडताना तुम्हाला कुठे दात किंवा नख लागलं असेल तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वकिलाकडे उद्या आलात तरी चालेल.